फरशी कोणी उचलायची?

मे महिन्यात पुण्याच्या पेठांमधले वाडे निम्मे रिकामे असतात. कोणी गावी, कोणी मुलाकडे, कोणी कोकणात. अशाच एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत चाळीस वर्षं एकटे राहणारे भाडेकरू वारले आणि ते सहाव्या दिवशी कळलं. छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. वाड्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. पोलीस आले, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, देह शवविच्छेदनाला गेला. नागपूरहून पुतणी आली आणि अंत्यसंस्कार झाले. पोलिसांनी खोलीची किल्ली परत दिली, तेव्हा ती घ्यायला चौकातल्या ओसरीवर दोन माणसं बसली होती.

एक आत्या. वाडा तिचं माहेर. सरकारी रुग्णालयात तीस वर्षं नर्स म्हणून तिनं काम केलेलं. दुसरा तिचा भाचा, स्थापत्य अभियंता; जुन्या इमारतींची दुरुस्ती हे त्याचं रोजचं काम. मरणाला न घाबरणारी एक आणि जुन्या भिंतींची नस ओळखणारा एक. खोली स्वच्छ व्हायला हवी, एवढ्यावरच काय ते दोघांचं एकमत होतं.

“दोन बादल्या पाणी, फिनेल आणि मी,” आत्या म्हणाली. “मास्तर आपल्या घरात गेले. माझ्या आईच्या हातचा फराळ त्यांनी चाळीस दिवाळ्या खाल्ला. त्यांची खोली धुवायला आता पांढरे सूट आणि मुखवटे घातलेली परकी माणसं आणायची? शेजारीपाजारी काय बघतील? एखादा गुन्हा घडल्यासारखं.”

“आत्या, वरून पुसून निघण्यासारखं असतं तर मीच तुझ्याबरोबर फडकं घेऊन आलो असतो,” भाचा म्हणाला. “जे आहे ते फरशीच्या खाली गेलंय.”

हे त्यानं नुसतं सांगितलं नाही, बोट वर करून दाखवलं. ते बसले होते त्या ओसरीचा कडीपाट म्हणजे वरच्या खोलीचीच खालची बाजू. लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर, मातीवर चुन्याचा कोबा आणि त्यावर शहाबादी फरशी. नव्या इमारतीत काँक्रीटच्या स्लॅबवर चिनी मातीची टाइल असते. डाग पडला तर बहुतेक वेळा वरच्या वर राहतो. जुन्या घरात असं होत नाही. फरशांमधल्या दरजा झिजलेल्या असतात, चुना सच्छिद्र असतो, माती पाणी धरून ठेवते आणि लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेनं ओल ओढून घेतं. उन्हाळ्यात बंद खोलीत देहाचं विघटन वेगानं होतं. त्यातून सुटलेला द्रव एका जागी थांबत नाही. दरजांमधून कोब्यात, कोब्यातून मातीत, मातीतून फळीत उतरतो. भिंत भेंड्याची असेल तर तिच्या पायथ्यालाही तो चढतो.

“आता वरून दोन बादल्या फिनेलचं पाणी ओतलंस,” भाचा पुढं म्हणाला, “तर तो द्रव पातळ होऊन आणखी खाली जाईल. आठवडाभर फिनेलचा वास येईल. मग पाऊस सुरू होईल, हवेत दमटपणा येईल आणि सगळं परत वर येईल. गेल्या काही वर्षांत मी अशा दोन खोल्या पाहिल्या. दोन्ही ठिकाणी वरून रंग मारला होता, दोन्ही ठिकाणी जूनमध्ये दार उघडवेना.”

आत्या थोडा वेळ कडीपाटाकडं बघत राहिली. मग तिनं तिच्या हातातलं खरं शस्त्र काढलं. “तुम्हा लोकांना वासाचीच भीती. वासानं कोणी आजारी पडत नाही. वॉर्डात मी किती देह पुसले, किती आवरले, मला काही झालं नाही.”

तिच्या बाजूनं शास्त्रही उभं आहे. प्रेतामुळं साथ पसरते ही समजूत जगभर घट्ट आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तिच्यामुळं मोठा गोंधळ झाला. घाईघाईनं सामूहिक दफनं झाली, कित्येकांची ओळखच पटली नाही. आपत्तीतल्या मृतदेहांबद्दल जागतिक आरोग्य संघटना, तिची अमेरिका खंडातली शाखा आणि रेड क्रॉस यांनी २००६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत ही समजूत स्पष्ट शब्दांत खोडून काढली आहे. इजेनं किंवा नैसर्गिक कारणानं मेलेल्या माणसाच्या देहातून शेजारच्या वस्तीत साथ येत नाही. कुजण्याच्या वासामागं असणाऱ्या पदार्थांपैकी कॅडॅव्हरिन आणि प्युट्रेसिन ही दोन रसायनं १८८५ मध्ये बर्लिनचे वैद्य लुडविग ब्रिगर यांनी वेगळी करून दाखवली. वास असह्य असतो, पण वास म्हणजे जंतू नव्हेत.

“मग मी तेच सांगतेय!”

“पण त्याच पुस्तिकेत पुढचं वाक्य देह हाताळणाऱ्यांबद्दल आहे,” भाचा म्हणाला. “रक्तातून येणारी कावीळ, क्षय, पोटाचे जंतू. शेजाऱ्यांना धोका नाही, हातांना आहे. आणि तुझ्या वॉर्डात मोझेकची फरशी होती, हातमोजे होते, लाल-पिवळ्या पिशव्या होत्या. सांडलेलं रक्त पुसताना पहिलं काय करायचीस?”

“आधी सगळं टिपून उचलायचं,” आत्या सवयीनं बोलून गेली, “मग हायपोक्लोराइट. घाणीवरच हायपो ओतला तर त्याची ताकद घाणीतच संपते.”

“बस. अशी कामं जाणणारी माणसं एवढंच करतात. फक्त त्यांना टिपून उचलायला फरशी काढावी लागते.”

इथून बोलण्याला धार आली, कारण आत्याला तपशील हवा होता आणि भाच्याकडं तो होता. त्यानं क्रम सांगितला. आधी पंचनामा संपल्याची आणि खोली वापरायला हरकत नसल्याची खात्री पोलिसांकडून करून घ्यायची. तोवर एक कागदही हलवायचा नाही. १ जुलै २०२४ पासून अशा मृत्यूचा तपास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो, पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली होत असे. मग माश्या. देहावर आलेल्या माश्यांच्या अळ्या पूर्ण वाढल्या की खाणं सोडून कोरड्या, अंधाऱ्या फटीकडं सरकतात आणि तिथं कोष करतात. वर सगळं चकचकीत केलं तरी चौकटीमागचे कोष राहिले, तर काही दिवसांनी खोलीत पुन्हा माश्या दिसतात. त्यानंतर गादी, उश्या, कापूस, सतरंजी, म्हणजे जे जे शोषून घेतं ते सगळं, बंद पिशव्यांतून बाहेर. मग डागाच्या कडेबाहेर हातभर जागा धरून फरशा उचलायच्या, कोबा फोडायचा, ओली माती खरवडून काढायची. फळी खराब असेल तर बदलायची. कडीला झळ लागली असेल तर खालून टेकू दिल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, कारण तिच्यावर मजला उभा आहे. कडीचं फक्त पृष्ठ खराब असेल तर तासून, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवून त्यावर चपड्याच्या पॉलिशचे हात द्यायचे. लाखेचा तो पापुद्रा उरलासुरला वास आत कोंडून ठेवतो.

“आणि जुन्या घरात आणखी दोन सापळे,” तो म्हणाला. “खिडकीचा ऑइल पेंट. आपल्याकडं घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. मास्तरांच्या खिडकीवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडा पॉलिशपेपर मारला की शिशाची धूळ नाकात. मागच्या पडवीवरचे सिमेंटचे पत्रे तसेच. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, ते फोडायचे नाहीत.”

“आणि ते मशीन? जाहिरातीत असतं ते, वास घालवणारं?”

“ओझोनचं. ते सगळ्यांत शेवटी. मूळ तसंच ठेवून ओझोन सोडणं म्हणजे पुन्हा फिनेलच झालं. शिवाय ओझोन फुप्फुसांना घातक. चालू असताना खोलीत माणूस, कुंडी, पक्षी काही नको आणि नंतर दारं-खिडक्या उघडून खोली पुरती मोकळी करायची.”

आत्यानं मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. तिची खरी हरकत फरशीच्या खाली नव्हतीच.

“हे सगळं तू मला कामाचं सांगितलंस,” ती म्हणाली. “मी माणसाचं बोलतेय. माणूस गेला त्या जागी आपण पीठ पसरून दिवा ठेवतो. दहा दिवस तो विझू देत नाही. तू तीच जागा खणून पिशवीत भरून देणार. हा धंदा झाला, की मग कोणाला कोणाकडं बघायची गरजच उरत नाही. मेल्यावर साफ करायला माणसं मिळतात, मरायच्या आधी दार वाजवायला कोणी नसतं.”

या प्रश्नाशी सर्वांत जास्त झुंजलेला देश जपान. तिथं एकटेपणी आलेल्या आणि उशिरा कळलेल्या मृत्यूला शब्दच आहे, ‘कोदोकुशी’. अशा खोलीच्या सफाईला म्हणतात ‘तोकुशु सेइसो’, म्हणजे विशेष सफाई. जपानच्या राष्ट्रीय पोलीस संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये एकट्या राहणाऱ्या ७६,०२० माणसांचा मृत्यू त्यांच्या घरात झाला. त्यांतले ५८,०४४ जण ६५ किंवा त्याहून जास्त वयाचे होते. सगळेच उशिरा सापडले असं नाही. पण त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांतच जवळपास ४,००० जणांचा पत्ता महिन्याहून अधिक काळानं लागला आणि १३० जणांचा वर्ष उलटल्यावर.

तोक्योजवळ चिबा प्रांतातल्या मात्सुदो शहरात तोकिवादायरा नावाची मोठी सार्वजनिक वसाहत आहे. १९६० च्या सुमारास तिथं तरुण जोडपी राहायला आली. तेव्हा ती आधुनिक जपानची शान होती. याच वसाहतीत या शतकाच्या सुरुवातीला एका माणसाचा सांगाडा सापडला. तो तीन वर्षांपूर्वी वारला होता. भाडं, वीज, पाणी सगळं बँकेच्या खात्यातून आपोआप वळतं होत राहिलं, म्हणून कोणाला शंका आली नाही. खात्यातले पैसे संपले, भाडं थकलं, तेव्हा दार उघडलं.

“म्हणजे बँकेला कळलं, शेजाऱ्याला नाही,” आत्या म्हणाली.

“हो. पण त्यानंतर त्याच वसाहतीतले रहिवासी एकत्र आले. एकटं मरण शून्यावर आणायची मोहीम त्यांनी चालवली. वर्तमानपत्रं साठली, कपडे दोरीवर तसेच राहिले, की कळवायचं. आणि आत्या, खोल्या साफ करणाऱ्यांमुळंच जपानला हे सगळं दिसलं. नाहीतर बंद दाराआड काय होतं ते कोणी पाहिलं असतं?”

त्यानं सांगितलं ते कोजिमा मियू या तरुणीबद्दल. १९९२ मध्ये जन्मलेली ही स्त्री वयाच्या बाविशीत अशा सफाईच्या कामात आली. काम करता करता तिनं त्या खोल्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवायला सुरुवात केली: हातभर लांबीची खोली, तिच्यात नखाएवढी वर्तमानपत्रं, न उघडलेली पाकिटं, अंथरुणावरचा डाग. मृताचं घर ओळखू येऊ नये म्हणून अनेक खोल्यांचे तपशील ती एकत्र करते. छायाचित्रापुढून लोक नजर वळवतात. प्रतिकृतीपुढं मात्र वाकून उभे राहतात. २०१९ मध्ये तिचं या कामावरचं पुस्तक आलं.

“तिथं या कामाचे दोन भाग मानतात,” भाचा म्हणाला. “खोलीची सफाई वेगळी आणि मागं राहिलेल्या वस्तूंची आवराआवर वेगळी. वस्तूंच्या कामाला ‘इहिन सेइरी’ म्हणतात. योशिदा ताइची नावाच्या माणसानं २००२ मध्ये फक्त त्यासाठी कंपनी काढली. ठेवायचं काय, द्यायचं काय, जाळायचं काय हे नातेवाइकांना विचारून ठरवतात. जुन्या वस्तू टाकण्याआधी पुष्कळदा पुरोहिताला बोलावून प्रार्थना करतात.”

आत्या पहिल्यांदाच पुढं सरकून बसली. “मग हे आधी सांगायचं. मी खोली धुवायला मागत नव्हते रे. मास्तरांच्या वस्तू कोणी कचऱ्यासारख्या गोणीत कोंबू नयेत, एवढंच.”

बोलणं इथं संपलंही असतं. पण तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडाचे काका गॅलरीतून ओरडून म्हणाले, “अहो, मी सकाळीच बघितलं सगळं. संडास-गटारं साफ करणारा येतो ना, त्याला सांगितलंय. हजार रुपये म्हणाला, मी सातशेवर आणला. उद्या येतोय.”

चौकात क्षणभर कोणी बोललं नाही. घरच्यांनी करायचं की कंपनीनं, यावर दोघं तासभर भांडले होते आणि आपल्याकडं बहुतेक वेळा होतं ते तिसरंच. घरचे करत नाहीत आणि कंपनीही येत नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या घाणीचीच कामं दिली गेली त्याला निरोप जातो. तो एक झाडू, एक बादली आणि उघडे हात घेऊन येतो. त्याचं नावही पुष्कळदा कोणाला ठाऊक नसतं.

आत्या उठून उभी राहिली. “त्यानं काविळीची लस घेतलीय का?”

“कसली लस?” वरून आवाज आला.

“हिपॅटायटिस बी. तो विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान सात दिवस जिवंत राहतो. मास्तर सापडले सहाव्या दिवशी.” ती भाच्याकडं वळली. “आणि आज टोचून उद्या उपयोग नाही. मोठ्या माणसाला तीन डोस, पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. मला नोकरीत लागल्यावर दिली होती. मी हातमोजे घालूनही लस घेतलेली होते. हा माणूस हातमोज्यांशिवाय आणि लसीशिवाय वर जाणार, सातशे रुपयांत.”

अमेरिकेत रक्तातून पसरणाऱ्या रोगांबाबतचा कामगार-सुरक्षेचा नियम १९९१ मध्ये झाला. ज्या कामगाराचा कामात रक्ताशी संबंध येतो त्याला ही लस मालकानं स्वतःच्या खर्चानं देऊ केलीच पाहिजे, असं तो सांगतो. कॅलिफोर्नियात तर अशा जागांची सफाई करणाऱ्यांना राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडं नोंदणी करावी लागते. आपल्याकडचे जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम रुग्णालयं, दवाखाने, प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. पेठेतल्या वरच्या मजल्यावरची खोली त्या चित्रात सहज बसत नाही. म्हणून इथं नुसत्या कंपनीच्या नावावर विसंबून चालत नाही. भाच्यानं खिशातून कागद काढला आणि कोणते प्रश्न विचारायचे ते लिहायला घेतलं. माणसांचं लसीकरण झालंय का? मुखवटा कापडी की श्वसनरक्षक? उचललेली माती आणि गादी कुठं जाणार, आणि त्याची पावती मिळणार का? फरशी उचलणार की नुसती फवारणी? त्यांच्यात लाकडाचं काम जाणणारा कोणी आहे का, की कडी तासायला मीच सुतार द्यायचा?

“हेही लिही,” आत्या म्हणाली. “हायपो आणि संडासाचं अ‍ॅसिड एकत्र करणार नाहीत ना? क्लोरीन वायू सुटतो. वॉर्डात एक मावशी त्यानं बेशुद्ध पडली होती.”

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न त्यानंतर आला आणि तो सोपा नव्हता. पुतणी द्यायला तयार होती, पण तिची ऐपत बेताची. भाच्याचं म्हणणं, कडी आणि फळ्या वाड्याच्या आहेत, त्यांची दुरुस्ती मालकाचीच. आत्यानं ते मान्य केलं; तिनं सफाईचाही अर्धा वाटा उचलला. गॅलरीतल्या काकांना हा खर्च अवास्तव वाटला आणि तसं ते स्पष्ट बोलले. त्यांचा दुसरा मुद्दा होता, पुढच्या भाडेकरूला हे कळता कामा नये.

“का?” आत्या म्हणाली. “या वाड्यात माझी आजी, आजोबा, आई, सगळे याच जमिनीवर गेले. पेठेत कुठल्या खोलीत मरण झालं नाही?”

“तरी सांगायला हवं,” भाचा म्हणाला. “जपानच्या भूमी व पायाभूत सुविधा मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हातारपणानं, आजारानं आलेलं मरण सांगायची गरज नाही. पण विशेष सफाई करावी लागली असेल, तर पुढची साधारण तीन वर्षं भाडेकरूला सांगायचं. आपल्याला तसा नियम असो नसो, मी सांगणार. कुठली फरशी उचलली, कुठली फळी बदलली, याची छायाचित्रं दाखवणार. झाकलेल्या खोलीबद्दलच लोक काहीबाही बोलतात.”

संध्याकाळी पुतणी आली. तिला फार काही नको होतं. मास्तरांचा चष्मा, जुना शब्दकोश आणि लाल शाईचं पेन, ज्यानं त्यांनी हजारो पानांवरच्या चुका खुणा करून काढल्या, एवढंच. भाच्यानं सांगितलं, काच आणि धातू स्वच्छ होतात. पेनही होईल. कागद मात्र ओल आणि वास धरून ठेवतो. शब्दकोश कपाटाच्या वरच्या फळीवर, पलंगापासून लांब असेल तर वाचेल, नाहीतर नाही. पुतणी म्हणाली, तो उशाशीच असायचा.

आत्यानं तिचा हात हातात घेतला. मग भाच्याला म्हणाली, “उद्या त्या माणसाला परत पाठव, पण रिकाम्या हातानं नको. त्याचा दिवस मोडतोय, पैसे दे. लसीचं मी त्याच्याशी बोलते. फरशीचं काम तुझी माणसं करतील. पण त्याआधी वस्तूंपुरती मी आत जाणार, तू सांगशील तसं सगळं अंगावर चढवून.”

“पलंगाच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही. खिडकीपासून कपाटापर्यंत, तेवढंच.”

“चालेल. आणि दिवा?”

भाच्यानं वर पाहिलं. खोलीबाहेरच्या भिंतीत, जिन्याच्या वळणावर, एक कोनाडा होता. पूर्वी तिथं कंदील ठेवत. तिथल्या चुन्यावर काजळीचा जुना डाग अजून होता.

आत्यानं तो कोनाडा पुसला, पीठ पसरलं, पणती लावली. मग पिशवीतून हातमोज्यांचा खोका काढून तिनं दोन जोड बाजूला ठेवले, एकावर एक घालायचे असतात म्हणून, आणि चष्म्यासाठी मऊ फडक्याचा एक तुकडा फाडला.